वरच्याचं घरकुल

खळ्यावर भात झोडणं चाललेलं असताना जमीन पहिल्यांदा हलली. चिमणच्या हातात पेंढी होती. ती फळीवर आपटायच्या आत फळीच बाजूला सरकली. त्याला वाटलं, म्हातारपण आलं. त्याच्या बायकोला, बायजीला वाटलं, नवऱ्याची सकाळची ताडी अजून उतरली नाही. एवढ्यात शेजारच्या शुक्राच्या घरातली मडक्यांची उतरंड धडाधड कोसळली आणि दोघांना बरं वाटलं, कारण दोष आपल्यात नव्हता.

दोन हजार अठराचा नोव्हेंबर होता. कारवीपाडा गंजाडच्याही वर, तलासरीच्या बाजूला डोंगराच्या पोटात. तिथं तोवर हलण्यासारखं फार काही नव्हतं. त्या दिवसापासून जमीन हलायला लागली ती थांबेचना. कधी ताटातली भाकरी थरथरायची, कधी गुरं दावं तोडून पळायची. रात्री लोक अंगणात निजू लागले आणि थंडीने खोकू लागले.

चिमण पाड्याचा भगत. कुणाचं पोर तापलं, गाय आटली, सून माहेरी पळाली, की लोक त्याच्याकडे यायचे. तो तांब्यातल्या पाण्यात तांदळाचे दाणे सोडायचा. कोणता तरंगतो, कोणता उभा राहतो, कोणता दुसऱ्याला चिकटतो, हे बघून कोणता देव रुसला ते सांगायचा. बापाकडून आलेली ही विद्या त्याने आयुष्यभर इमानाने वापरली होती. आता अडचण अशी झाली, की ज्या पाण्यात हादऱ्याचं कारण बघायचं ते पाणीच हादऱ्याने हिंदकळत होतं. दाणे एकदा हिरव्या देवाकडे गेले, एकदा हिमाईकडे, एकदा वाघोबाकडे. तिघांना कोंबडे दिले. पाड्यातली कोंबड्यांची बांग कमी झाली, हादरे तेवढेच राहिले.

तहसीलवाल्यांनी आधी सांगितलं, घाबरू नका, काही नाही. मग तेच लोक जमिनीत पुरायचं यंत्र घेऊन आले. काही नाही तर यंत्र कशाला, असं सुकी म्हातारीने विचारलं. पुढे एक पथक आलं. हादरा बसला की टेबलाखाली शिरायचं, असं त्यांनी दाखवलं. पाड्यात टेबल एकच होतं, सरपंच जयवंतीच्या घरी, आणि त्याच्यावर टीव्ही होता. त्या दुपारी आख्खा पाडा आळीपाळीने टीव्हीखाली शिरून बाहेर आला. पथकाने फोटो काढले.

साहेबांवरचा विश्वास असा गेला. तो तसा फार नव्हताच, त्यामुळे कुणी चुकचुकलं नाही. चिमणवरचा मात्र होता, आणि तो जाऊ लागल्याचं शुक्राने पहिल्यांदा बोलून दाखवलं. शुक्रा चिमणचा चुलतभाऊ. चिमणची भगतकी आपल्या बापाकडे यायला हवी होती, हे तो लहानपणापासून विसरला नव्हता. जयवंतीच्या अंगणात सगळे बसले असताना तो काडीने दात कोरत म्हणाला,

"देव ऐकत नाय, असं होत नाय. भगताच्याच घरात कोण आडवं असंल तं देव तरी काय करंल?"

बोलताना तो चिमणकडे बघत नव्हता. बायजीकडे बघत होता.

बायजीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. तिची तीन पोरं गेली होती आणि एक दिपक तेवढा राहिला होता. दुसऱ्या बाईच्या बाबतीत याला दुर्दैव म्हणतात. भगताच्या बाईच्या बाबतीत लोक हिशेब लावत बसतात. मागे एका वर्षी गुरं मेली तेव्हा बारकी नावाच्या म्हातारीला भुताळी ठरवलं होतं. तिला पाड्याबाहेर काढलं, तेव्हा तिच्या तोंडात दात होते. चार दिवसांनी उंबरगावच्या रस्त्याला सापडली तेव्हा नव्हते. तिचे दाणेही चिमणनेच बघितले होते. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दाणे तसे पडले होते.

दुसऱ्या दिवशी बायजी नेहमीसारखी नरपडच्या वाडीत चिकू उतरवायला गेली. टेम्पोत तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि दोन बायका उभ्या राहून गेल्या.

त्याच आठवड्यात टीव्हीने चिमणला हात दिला.

जयवंतीकडे बातम्या लागल्या होत्या. सूर्यमालेच्याही पलीकडून एक लांबट दगड आला आणि निघून गेला. परदेशातला कोणी मोठा विद्वान म्हणतो, की तो दगड नसेल, कुणीतरी बनवून पाठवलेला असेल. विद्वान 'असेल' म्हणाला होता. बातम्या देणारी बाई 'आहे' म्हणत होती. मागे चित्र दाखवत होते: डोकं मोठं, डोळे खोल, पोट पुढे, हातपाय काड्या, अंगावर कपडा नाही. वर कुठे कुठे राहणारे लोक असे असतात म्हणे.

सुकी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, अंगणवाडीत नेऊन वजन करायला पायजे.

जयवंतीने समजावलं, की ही माणसं नव्हेत, आपल्या पृथ्वीवरची नव्हेत. म्हणजे यांना आपल्या देवांनी केलेलं नाही. शहरातल्या शहाण्यांनी अशा वेळी धर्माचं काय होईल यावर पुस्तकं लिहिली आहेत. कारवीपाड्यात त्याचं जे व्हायचं ते चहा होईपर्यंत होऊन गेलं. शुक्राने विचारलं,

"चिमणदादा, तू पूजेला बसतंस तेव्हा सगळ्यांची नावं घेतंस. डोंगराचा, पाण्याचा, कणसाचा, वाघाचा, चांदसूर्याचा. यांचं नाव घेतंस का?"

"नाय," चिमण म्हणाला.

"तुझ्या बापानं?"

"नाय घेतलं."

"मग राहिले ना हे."

शुक्राला चिमणची विद्या अपुरी आहे एवढंच दाखवायचं होतं. पण चिमणने ते वाक्य पडत्या चिकूसारखं वरच्यावर झेललं. नाव घ्यायचा राहिलेला देव रुसतो, हे पाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. लग्नात आमंत्रण चुकलेला मामा जसा मांडवात येऊन लाथ मारतो, तसा तो येऊन लाथ मारतो. म्हणजे दाणे खोटे नव्हते. ज्याचं नाव त्यांना माहीतच नाही त्याच्याकडे ते जाणार कसे? म्हणजे घरातलं कुणी आडवंही नव्हतं. चिमण तिथल्या तिथे उठला, हात धुतले, आणि त्या संध्याकाळी देवांच्या नावांत एक नाव वाढलं: वरचा. बायजी कोपऱ्यात बसली होती. तिच्या शेजारी येऊन सुकी टेकली.

त्यानंतर वरचा उतरला. बायजी शेतात पेंढा गोळा करत होती, तिलाच सापडला. पांढरं, फाटलेलं, गाईच्या वारेसारखं लिबलिबीत काहीतरी बांधावर पसरलं होतं. त्याला लांब दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला हलका पांढरा डबा. डब्याला काडीएवढी तार होती. बायजीने हात लावला नाही. तिने चिमणला हाक मारली आणि चिमणने पाड्याला.

दिपक डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला होता. तो संध्याकाळी आला तेव्हा ते सगळं नव्या सुपात, कुंकू लावून, घरात आलं होतं. गेली सहा वर्षं तो साचे रबराच्या पातळ चिकात बुडवायचा, वाळवायचा, फुगे उतरवून पावडर लावायचा. त्याच्या बोटांची कातडी पांढरी होऊन सुटायची आणि अंगाचा तो आंबूस वास बायको संगिताला लग्नानंतर वर्षभर सोसला नव्हता. तो सुपाजवळ गेला नाही. उंबऱ्यातच त्याचं नाक ओळखून चुकलं.

लोक गेल्यावर तो बापाला म्हणाला, "बाबा, हा फुगा आहे."

चिमण दाणे निवडत होता.

"हवा मापायला सोडतात, मोठा असतो. खाली डबा बांधतात. फुटला की पडतो. पावडर बघ अजून लागलेली."

"मला काय दिसत नाय?" चिमण म्हणाला. "तुझ्या कपड्यांना रोज तोच वास येतो."

"मग पाड्याला सांग."

"शुक्रा त्या दिवशी कुणाकडं बघत होता, ते बघितलंस तू?"

दिपकने नखातला चीक खरवडला.

"कुणाकडं?" चिमणने पुन्हा विचारलं.

"आयसकडं."

"मग फुगा का काय ते, नीट सांग मला."

दिपकने पायातल्या चपला काढल्या आणि तो जेवायला बसला.

वरच्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. चिमणच्या अंगणात दोन घरं होती. एक जुनं, कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं. हादरा बसला की ते करकरायचं, म्हाताऱ्यासारखं डुलायचं आणि परत जागेवर यायचं. दुसरं सरकारी घरकुल, विटांची एकच खोली. ठेकेदाराने सिमेंटचा वास लागेल एवढं सिमेंट त्यात घातलं होतं. पहिल्या महिन्यातच मागच्या भिंतीला कोपऱ्यापासून तुळईपर्यंत चीर गेली होती. पण पक्कं ते पक्कं. एवढ्या लांबून आलेला पाहुणा, त्याला काय कुडात ठेवायचं, असं जयवंती म्हणाली आणि सगळ्यांना पटलं. वरच्याला घरकुल मिळालं. पाड्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज अजून पडून होते, पण कुणी कुरकुर केली नाही.

वरच्याच्या दिव्याला, म्हणजे तो विझू न देता राखायला, कोण बसणार, हेही लगेच ठरलं. ज्या बाईला सापडला तीच. शुक्रानेच सुचवलं, आणि चिमणने मान डोलावली, कारण देवाच्या दिव्याला बसलेल्या बाईला भुताळी म्हणता येत नाही. पुढे आणखी एक ठरलं. वरचा पावला असेल तर लोकांनी घरात निजायला हरकत नव्हती. पण आधी भगताच्या घरचं कुणीतरी वरच्याजवळ निजून दाखवायला हवं होतं. तेही बायजीवर आलं.

चटई उचलताना बायजी नवऱ्याला म्हणाली, "मला भुताळी करण्यापरीस फुग्याची पुजारीण केलीस. बरं केलंस."

चिमण चमकला. "तुला कोणी सांगितलं?"

"दिपकचे कपडे सहा वर्षं मीच धुते ना." तिने चटई काखेत मारली. "दिवा लावीन मी. पण निजायला कुडात येते. त्या भिंतीत आरपार उजेड दिसतो."

"लोक बघतात, बायजी. थोडे दिवस."

"बघतात तं खरं," ती म्हणाली आणि गेली.

ती दिवसा चिकू उतरवायची. जाळी बांधलेली लांब काठी धरून मान वर, चीक डोळ्यांत, खांदे भरलेले. वाडीचा शेठ पाणी ओंजळीत वरून ओतायचा, तेही आता बायजीला जरा जास्त उंचावरून. संध्याकाळी येऊन ती वरच्याच्या दिव्यात दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं तेल घालायची, त्याच्यापुढे नव्या भाताची भाकरी ठेवायची आणि चिरेकडे पाठ करून निजायची. भाकरी सकाळी उंदरांनी खाल्लेली असायची. लोक ती चिन्हं मोजायचे. हादरे थोडे कमी झाले. तसे ते अधूनमधून व्हायचेच, पण आता ते मोजायला भगत होता. पाड्यात एकेक घर आत निजू लागलं. चिमणच्या ओट्यावर पुन्हा तापलेली पोरं येऊ लागली.

जानेवारीत डहाणूहून एक सर आले. भुताखेतांविरुद्ध व्याख्यानं देत गावोगाव फिरायचे, चांगला माणूस. त्यांनी सूप बघितलं, डबा बघितला आणि दिपकने बापाला सांगितलं होतं तेच पाड्याला सांगितलं: हवामान मोजायचा फुगा. जयवंतीने विचारलं, म्हणजे वर कोणीच नाय? सर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला.

"असू शकतं," ते म्हणाले. "अजून सापडलेलं नाही. पण नाहीच, असंही कुणाला म्हणता येणार नाही."

लोकांचं समाधान झालं. चिमण हेच म्हणत होता, फक्त तो जास्त खात्रीने म्हणत होता. जाताना सरांनी भिंतीची चीर बघितली आणि बायजीला इथे निजवू नका, ते कुडाचं घर बरं, असं चिमणला बाजूला घेऊन सांगितलं. ते शुक्राने ऐकलं. संध्याकाळपर्यंत पाडाभर झालं, की वरच्याला पक्क्या घरातून काढून कुडात टाका, असं सर सांगून गेले. आता बायजीला हलवणं शक्यच नव्हतं. हलवलं असतं तर सरांचंच खरं मानल्यासारखं झालं असतं.

फेब्रुवारीत बायजीला ताप भरला. टेम्पो तिला न घेता गेला. दिपक कारखान्यात, चिमण पलीकडच्या पाड्यावर एका पोराचे दाणे बघायला. सून संगिता कुडाच्या घरात जात्यावर नाचणी दळत होती. दुपारी बायजीला आत हुडहुडी भरली, तशी तिने चटई ओढत अंगणात आणली आणि उन्हात पाय पोटाशी घेऊन पडली. संगिताने तिला पेज दिली. तिने दोन घोट घेतले.

शुक्रा बैल घेऊन चालला होता. तो थांबला. त्याने काही आवाज चढवला नाही, काही लागट बोलला नाही. एवढंच विचारलं,

"वयनी, दिव्याला कोण?"

बायजीने त्याच्याकडे चांगल्या डोळ्याने बघितलं. मग ती उठली, भिंत धरत चटई ओढत आत गेली. काडी ओढल्याचा आवाज संगिताला ऐकू आला.

मग हादरा बसला, सगळ्या हिवाळ्यातला मोठा. जातं आपोआप अर्धा फेरा फिरलं. कुडाचं घर एका अंगाला कललं, करकरलं, छपरातून काळी काजळी झडली, आणि ते परत उभं राहिलं. घरकुलाची मागची भिंत आतल्या बाजूला आली. आवाज फार झाला नाही. विटा एकमेकींना धरून नव्हत्याच, त्या पोतं ओतल्यासारख्या ओतल्या गेल्या.

संगिताने आणि शुक्रानेच विटा काढल्या. बैल तसेच उभे होते. शुक्रा नखं तुटेपर्यंत उकरत होता, हे सांगायला हवं. सिमेंट हातात घेतलं की रवा होत होता. आधी सूप लागलं, चेपलेलं; डब्याचा पांढरा भुगा सगळीकडे उडाला होता. त्याखाली बायजी. छाती बसली होती, तोंडात माती होती आणि काड्यापेटी मुठीत होती. ती जिवंत होती. चिमणला बोलावून आणेपर्यंत जिवंत होती, आणि तिला घोटभर पाणी हवं होतं. सुकीने पाजलेलं पाणी तोंडात जात होतं आणि मातीसकट परत येत होतं. चिमण तिच्याच पदराने तिचं तोंड पुसत राहिला. गाडी मिळेपर्यंत पुसायचं कारण उरलं नाही.

बायजीचे दिवस झाल्यावर पाडा चिमणच्या अंगणात जमला. साहेब येऊन भिंतीचे फोटो काढून गेले होते, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं ते चिमणला होतं. वरचा पावला होता, तर वरच्याच्या बाईवर भिंत का? शुक्राने तांब्या आणून पुढे ठेवला. त्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तो आज बायजीच्या जागेकडे बघत नव्हता. ती जागा रिकामी होती. तिच्या शेजारी संगिता बसली होती, तीन महिन्यांची पोटुशी, आणि तो तिच्याकडे बघत होता.

"घरातच कोण आडवं नाय ना?" तो हळूच म्हणाला. "बघून घे, दादा. एकदा बघून घे."

चिमणने दाणे सोडले. जमीन त्या दिवशी हलत नव्हती, पाणी स्वच्छ होतं, आणि दाणे जसे साध्या पाण्यात बुडतात तसे सगळे तळाला जाऊन बसले. दिपक उंबऱ्यात उभा होता. बाप आता सगळं सांगून टाकेल, असं त्याला एक क्षणभर वाटलं, आणि त्या क्षणात त्याला बारकी आठवली आणि संगिताचे दात दिसले.

"दिवा विझलेला," चिमण म्हणाला. "ती उन्हात जाऊन निजली. दिवा विझला."

अंगणात सुस्कारा पडला. सगळं जागेवर आलं होतं. सुकीने, जिने बायजीला मरताना पाणी पाजायचा यत्न केला होता, मान हलवली आणि म्हणाली, ती पहिल्यापासून आळशीच. चिमणने तांब्यातलं पाणी तुळशीत ओतलं.

त्यानंतर आठवडाभर जमीन हलली नाही. वरच्याने एक जीव घेऊन बाकी पाडा राखला, असं ठरलं, आणि दुसऱ्या पाड्यांवरून लोक नारळ घेऊन येऊ लागले. त्यांना दाखवायला काही नव्हतं, ही पंचाईत होती.

दिपक कामावर जायला निघाला तेव्हा शुक्रा त्याला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत आंब्याच्या मोहराबद्दल बोलला, बैलाच्या खुराबद्दल बोलला. गाडीचा आवाज आल्यावर त्याने दिपकच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्या कारखान्यात तेवढा मोठा होतो का रं?"

दिपकने त्याच्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच नाक आहे, दिपक." शुक्राने चिंधी बांधलेल्या बोटाने आपलं नाक दाखवलं. "पांढराच आण. रंगीत नोको, देवाला बरा दिसत नाय. दिव्याला संगिता बसंल. तुझा बाप हो म्हणाला. नायतर लोक आपले काहीबाही बोलत बसतात."

एसटी येऊन थांबली. कंडक्टर दारातून बघत होता. दिपक पायरीवर चढला, मग वळला.

"केवढा?" त्याने विचारलं.

शुक्राने दोन्ही हात पसरून माप दाखवलं. गाडी सुटली. तो रस्ता उतरून पाड्याकडे परतला, तेव्हा चिमण मातीचा गारा तुडवत होता आणि संगिता पडलेल्या विटा एकेक करून झाडून रचत होती. घरकुलाच्या तीन भिंती अजून उभ्या होत्या.